उच्छ्वासातला वायू आणि हाडांतला चुना

चुन्याच्या निवळीत नळीने फुंकर मारली की ती दुधाळ होते, हा प्रयोग आपण सर्वांनीच केलेला किंवा करून दाखवलेला असतो. स्कॉटलंडमध्ये जोसेफ ब्लॅक यांनी 1750 च्या दशकात हेच पाहिले आणि उच्छ्वासातला वायू व चुनखडी तापवल्यावर निघणारा वायू एकच आहे हे ओळखले. प्रयोगवहीत निष्कर्षाखाली आपण आणखी एक वाक्य लिहून घेतो: 'हा टाकाऊ वायू शरीर बाहेर टाकते.' या वाक्याबद्दल आमची थोडी तक्रार आहे. त्यात खोटे काही नाही, पण ते फार लवकर थांबते.

श्वास आपण प्राणवायूसाठी घेतो, म्हणून प्राणवायू कमी झाला की धाप लागते, असे सहज वाटते. हे मत ज्यांनी मोडीत काढले ते जॉन स्कॉट हाल्डेन मोठे धाडसी गृहस्थ होते. 1890 च्या दशकात ते आणि लोरेन स्मिथ बंद पेटीत बसून आपलीच उच्छ्वासित हवा पुन्हा पुन्हा श्वासात घेत. धाप असह्य झाली की बाहेर पडत. तोच प्रयोग त्यांनी कार्बन डायऑक्साइड शोषून घेणारा पदार्थ ठेवून केला, तेव्हा प्राणवायू बराच घटेपर्यंत धापेचे नाव नव्हते. म्हणजे धाप लागत होती ती साठलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे.

1905 मध्ये हाल्डेन आणि प्रीस्टली यांनी पुढचे पाऊल टाकले. (हे प्रीस्टली प्राणवायूवाले नव्हेत, ते शंभर वर्षांपूर्वी होऊन गेले.) फुप्फुसाच्या अगदी तळच्या वायुकोशांतली हवा मिळवायची कशी? त्यांची युक्ती शाळेतही सांगण्याजोगी आहे. लांब रबरी नळीत जोराने पूर्ण श्वास सोडायचा, नळीचे तोंड जिभेने बंद करायचे आणि तोंडाजवळचा, म्हणजे सर्वांत शेवटी बाहेर आलेला, नमुना काढून घ्यायचा. या हवेत कार्बन डायऑक्साइड साधारण साडेपाच टक्के निघाला. बेन नेव्हिस पर्वताच्या माथ्यावर आणि कॉर्नवॉलमधल्या डॉल्कोथच्या खोल खाणीत टक्केवारी बदलली, पण त्या वायूचा दाब जवळपास तोच राहिला. उलट वायुकोशांतले प्रमाण फक्त 0.2 टक्क्याने वाढले, तर फुप्फुसात खेळणारी हवा दुप्पट होत होती. इतका काटेकोर कारभार टाकाऊ मालाबाबत कोण करतो?

कारण असे की हा वायू पाण्यात मिसळून कार्बॉनिक आम्ल बनतो. श्वास मंद झाला की रक्त आम्लतेकडे झुकते. जोरात झाला की उलट. हाल्डेन यांचे चिरंजीव जे. बी. एस. हाल्डेन (पुढे 1957 मध्ये ते भारतात आले आणि इथलेच झाले) यांनी 1920 च्या सुमारास अमोनियम क्लोराइड पिऊन स्वतःच्या रक्ताची आम्लता वाढवली. परिणाम काय? धाप. शरीर कार्बन डायऑक्साइड जास्त वेगाने बाहेर टाकून आम्लता सावरू पाहत होते.

हे सावरणे फुप्फुसांनी आणि मूत्रपिंडांनी करायचे, अशी समजूत बराच काळ होती. 1966 मध्ये अमेरिकेत लेमन, लिट्झो आणि लेनन यांनी निरोगी स्वयंसेवकांना तेच अमोनियम क्लोराइड दिवसामागून दिवस दिले. रोज काही आम्ल शरीरातच राहत होते, तरी रक्ताची आम्लता एका पातळीवर येऊन थांबली. मग ते आम्ल गेले कुठे? लघवीतून कॅल्शियम जास्त जाऊ लागले होते. बोट हाडांकडे दाखवत होते. हाडांचे खनिज मुख्यतः कॅल्शियमचे फॉस्फेट असले, तरी त्यात काही टक्के कार्बोनेटही असते, आणि ही दोन्ही आम्लाला शमवतात. अर्थात शमवताना स्वतः झिजतात.

इथे घाई करू नये. कार्बन डायऑक्साइड वाढून आलेली आम्लता आणि इतर आम्लांनी आलेली आम्लता हाडाला सारखी नसते. 1980 च्या दशकात बुशिन्स्की यांनी उंदराच्या कवटीची हाडे पोषक द्रवात ठेवून पाहिले. आम्लता तितकीच असताना बायकार्बोनेट घटवून आणलेल्या स्थितीत कॅल्शियम अधिक सुटत होते; कार्बन डायऑक्साइड वाढवून आणलेल्या स्थितीत बरेच कमी. 'श्वास रोखा, हाडे मजबूत करा' किंवा त्याच्या उलट सल्ला देणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

हाड आणि श्वास यांचा याहून जवळचा धागा एका विकरात सापडला. रक्त फुप्फुसाच्या केशवाहिन्यांत सेकंदभरही थांबत नाही, आणि तेवढ्यात बायकार्बोनेटपासून कार्बन डायऑक्साइड सुटायला ही क्रिया फार मंद आहे, असे हेन्रिक्स यांनी 1928 मध्ये दाखवले. केंब्रिजमध्ये मेल्ड्रम आणि रफ्टन यांनी 1933 मध्ये तिला वेग देणारे विकर तांबड्या रक्तपेशींतून वेगळे काढले: कार्बॉनिक अॅनहायड्रेज. हाड कुरतडणाऱ्या पेशी याच विकराच्या मदतीने कार्बन डायऑक्साइड आणि पाण्यापासून आम्ल तयार करतात व ते हाडावर सोडतात.

1983 मध्ये स्लाय आणि सहकाऱ्यांनी एकाच कुटुंबातल्या काही बहिणी तपासल्या. त्यांच्या पेशींत या विकराचा दुसरा प्रकार नव्हताच. पहिल्या प्रकारावर त्यांचे श्वसन निभावत होते, पण रक्तात आम्लता होती आणि हाडे जुनी झाली तरी कुरतडली जात नव्हती. क्ष-किरण चित्रात ती नेहमीपेक्षा अधिक दाट, पांढरीशुभ्र दिसतात. आणि तरीही अशा रुग्णांची हाडे सहज मोडतात.

प्रयोगाबद्दल एक सूचना. दुधाळ निवळीत फुंकत राहिल्यास ती पुन्हा स्वच्छ होते, असे वाचून आम्ही तो बऱ्याचदा केला आणि फसलो. फुंकरीतल्या चारेक टक्के कार्बन डायऑक्साइडला संपृक्त निवळीतला सगळा साका विरघळवता येत नाही. निवळी ऊर्ध्वपातित पाण्याने सुमारे दहापट विरळ करावी. आधी फिकट दुधाळपणा येतो, मग धीर धरून फुंकत राहिल्यास तो मावळतो. विद्यार्थ्यांना पाळीपाळीने फुंकू द्यावे, प्रत्येकाला वेगळी नळी द्यावी, आणि कोणी निवळी ओढून घेणार नाही याकडे लक्ष ठेवावे.