कॅमेरा तपासायचा कोणी?

गटाच्या बैठकीत पापड निवडताना एक वाक्य हमखास येतं, 'पूर्वीच्या वस्तू चांगल्या होत्या.' रोलच्या कॅमेऱ्याबद्दलही लोक हेच म्हणतात. जुना लोखंडी, भक्कम. नंतरचा प्लास्टिकचा, फुसका. आम्ही म्हटलं, बघू तरी पूर्वी तपासणी व्हायची कशी.

आपल्या आटगाववरून रेल्वे नाशिकला जाते, त्या नाशिकजवळच्या त्र्यंबकेश्वरचे दादासाहेब फाळके. १९१२ साली त्यांनी लंडनहून विल्यमसन कंपनीचा सिनेमाचा कॅमेरा आणला. पण कोरी फिल्म यायची ती कडांना भोकं नसलेली. भोकं पाडायचं यंत्र वेगळं. ते काम घरात अंधार करून सरस्वतीबाई फाळके करायच्या. कॅमेऱ्यातली नखी भोकात अडकते आणि फिल्म पुढे ओढते. भोकातलं अंतर जरा चुकलं की पडद्यावर चित्र थरथरणार. एका चित्राला दोन्ही कडांना चार-चार भोकं, फुटात १६ चित्रं, म्हणजे फुटाला १२८ भोकं. 'राजा हरिश्चंद्र' सुमारे ३,७०० फुटांचा. करा हिशोब, पावणेपाच लाखांच्या घरात जातो! शिवाय साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक त्यांच्याकडेच. दागिनेही त्यांनी याच कामासाठी दिलेले. कॅमेरा लंडनचा, पण चित्र स्थिर राहण्याची काळजी दादरच्या या बाईच्या हातात होती.

आता जर्मनीचं बघा. लायकाने १९३० साली लेन्स बदलता येणारा छोटा कॅमेरा काढला. सुरुवातीला प्रत्येक लेन्स ज्या त्या कॅमेऱ्याला कारखान्यातच जुळवून द्यायचे. आपल्या जात्याचा वरचा दगड शेजारणीच्या जात्यावर बसत नाही, तसंच. लेन्स दुसऱ्या कॅमेऱ्याला लावली तर फोटो पुसट. १९३१ साली लेन्स आणि फिल्म यांच्यातलं अंतर पक्कं ठरवलं, २८.८ मिलिमीटर. मग कोणतीही लेन्स कोणत्याही कॅमेऱ्याला बसू लागली. आमच्या मते खरी सुधारणा ही.

जपानने १९५४ साली कॅमेरे तपासणारी संस्थाच काढली. परदेशी जाणाऱ्या मालातले काही नग काढून तपासायचे, ते उतरले की सगळ्या मालाला सोनेरी स्टिकर. म्हणजे स्टिकर असलेला प्रत्येक कॅमेरा कुणी उघडून बघितलेला असायचाच असं नाही. पुढे १९८६ साली फुजीने एकदाच वापरायचा, प्लास्टिकच्या लेन्सचा कॅमेरा आणला. तोही साच्यातून काढलेला, सगळे भाग एका मापाचे. फरक एवढाच, की हाताने घासलेला भाग चुकला तर एक नग वाया. साचा चुकला तर हजारो.

आणि जुने सगळेच चांगले कसे वाटतात? जे बिघडले ते केव्हाच भंगारात गेले. आज कपाटात दिसतात ते टिकलेले.

घरात कुणाच्या लग्नाची निगेटिव्ह असेल तर उजेडात धरा. सिनेमापेक्षा हे चित्र मोठं, म्हणून प्रत्येक फोटोच्या दोन्ही कडांना आठ-आठ भोकं दिसतील.