झाऱ्याचं कूळ

नाशिकच्या सराफ बाजारात पहाटे, दुकानांच्या फळ्या निघण्याआधी, झारेकरी येत. दुकानापुढची धूळ आणि गटारातला गाळ पाटीत भरून ते पाण्यानं धूत. माती पाण्याबरोबर हळूहळू निघून जाई आणि तळाशी उरलेल्या चिमूटभर काळ्या रेतीत सोन्याचा एखादा कण सापडे. दिवाळीच्या सुट्टीत आत्याकडे गेले की मी हे पाहत बसायची. एकदा चकल्या तळत असलेल्या आत्याला मी विचारलं, "झारेकरी झारे विकतो का गं?" तिनं हातातला झारा कढईवर धरून ठेवला होता, तेल निथळत होतं. म्हणाली, "विकतोय कसला, गाळतो तो. सोनं ठेवतो, बाकीचं सोडतो."

हे उत्तर माझ्या डोक्यात तीसेक वर्षं पडून होतं. पुढे कोश चाळायची सवय लागली आणि एका रात्री लक्षात आलं, की आत्यानं दोन्ही शब्दांची फोड एका वाक्यात करून दिली होती.

तळण्याचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे, तो मी लांबवत नाही. वेदांत तुपातले अपूप आहेत. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्यांचा राजा सोमेश्वर तिसरा याच्या 'मानसोल्लासा'त वडे, पुऱ्या, घारिका आहेत. कढई ही संस्कृत कटाहाची लेक. मला हवा आहे तो झारा, आणि तो का हवा आहे हे कळायला आधी कढईत डोकावलं पाहिजे.

तेल खराब होतं ते नुसतं पदार्थामुळे नाही, पदार्थानं मागे सोडलेल्या चुऱ्यामुळेही. चकलीचं तुटलेलं टोक, भज्याच्या पिठाचा थेंब, करंजीतून सांडलेला खोबऱ्याचा कीस. पुढचा घाणा पडेपर्यंत हे सगळं करपतं, तेल काळवंडतं, कडवट होतं. पदार्थातलं पाणी तेलाचे रेणू फोडतं, हवा त्यांना जाड आणि चिकट करते. मग फेस येतो, धूर लवकर निघतो. तेलातल्या अशा बिघडलेल्या ध्रुवीय संयुगांचं प्रमाण २५ टक्क्यांवर गेलं की ते तेल वापरायचं नाही, असा आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा नियम १ जुलै २०१८ पासून आहे. आत्याला तो नियम ठाऊक असायचं कारण नव्हतं, पण दोन घाण्यांच्या मधे ती कढईच्या तळातून झारा एकदा फिरवायचीच. चुरा वर यायचा, तेल खाली जायचं. शेवटी कढई उतरवून, तेल कोमट झालं की मलमलीच्या फडक्यातून गाळायचं, एवढंच उरायचं. (जाता जाता: तेल काढण्याचं यंत्र तोही घाणा, आणि तळणाची एक खेप तोही घाणा. मराठी तेलाचा जन्म आणि त्याची झीज एकाच शब्दात बांधते, याचं मला फार अप्रूप वाटतं.)

आता नावाकडे. उलथणं पदार्थाला उलथतं, म्हणून उलथणं. किसणी पदार्थ किसते. सोलाणं सोलतं. ही सगळी नावं पदार्थाचं काय होतं ते सांगतात. झारा मात्र पदार्थाबद्दल एक अक्षर बोलत नाही. मराठीत मरणे-मारणे, तरणे-तारणे, पडणे-पाडणे अशा जोड्या आहेत, त्याच वळणानं झरणे-झारणे. झारा म्हणजे झरवणारा. पुरी उचलण्याशी या नावाचा काही संबंध नाही. पुरीला लागलेलं तेल कढईत परत पाठवणं, हे त्याचं नाव आहे. म्हणून मी म्हणते, झारा हे तेलाच्या बाजूचं साधन आहे.

यावर कोणी म्हणेल, हा शब्दांचा खेळ झाला. तर बुंदी पाडून बघा. बुंदीला दोन झारे लागतात. एक कढईवर धरायचा, त्यावर बेसनाचं पातळ पीठ ओतायचं, थेंब तेलात पडतात. दुसऱ्यानं तळलेल्या कळ्या काढायच्या, तेल खाली पडतं. पहिल्यातून हवं ते खाली जातं, दुसऱ्यातून हवं ते वर राहतं. कामं अगदी उलटी, नाव एकच. दोन्हींत समान काय? फक्त झरणं.

इथवर सोपं होतं. खरी मौज पुढे आहे, आणि ती माझ्या स्वयंपाकघरातल्या एकाच खणात सापडली. त्या खणात सुरी आणि झारा शेजारी असतात. सुरी आली संस्कृत क्षुर, क्षुरिका यांतून. झारा, झरा, झरणे हे आले क्षर् धातूतून, म्हणजे वाहणे, गळणे. दोन्हींच्या तोंडाशी क्ष. मग एकाचा स आणि दुसऱ्याचा झ का झाला? क्ष चे मराठीतले नेहमीचे वंशज पाहा: क्षेत्राचं शेत, मक्षिकेची माशी, कुक्षीची कूस. सगळीकडे श किंवा स. झ कुठून आला?

भाषाशास्त्राचं उत्तर ऐकून मी अक्षरशः उठून उभी राहिले. संस्कृतातला क्ष हा एक नाही, दोन आहेत. संस्कृतच्या आधी, जेव्हा भारतीय आणि इराणी भाषा एकत्र होत्या, तेव्हा एक जोडाक्षर क्ष सारखं कठोर होतं आणि दुसरं ग्झ सारखं घोषयुक्त, म्हणजे ग आणि झ यांच्यासारखं कंठात घुमणारं. संस्कृतनं दोन्ही एकाच साच्यात ओतली. इराणी बाजूच्या अवेस्ताच्या भाषेनं ती वेगळी ठेवली, तिथे क्षर् चा भाऊ ग्झर् असा उच्चारला जाई. आणि प्राकृतांनीही वेगळी ठेवली: कठोर क्ष चा ख किंवा छ झाला (या छ चाच पुढे मराठीत स किंवा श), घुमणाऱ्याचा झ. ग्रीक साक्षही जुळते. क्षुरचा ग्रीक भाऊ क्सुरॉन, म्हणजे वस्तरा, कठोरच आहे. पण क्षर् चा फ्थेइरो, म्हणजे नासवणे, आणि क्षि धातूचा फ्थिनो, म्हणजे क्षय पावणे, यांची घडण निराळी. हा क्षि मराठीत कोणत्या रूपात आहे? झिजणे! जुने डॉक्टर क्षयाला थायसिस म्हणत, तो शब्द त्याच फ्थिनोचा. झिजणे आणि थायसिस एका आजीची नातवंडं.

म्हणजे पाणिनीच्या भाषेत जो फरक पुसला गेला, तो सुरी आणि झारा या दोन शब्दांत अजून जिवंत आहे. मराठी ही संस्कृतची झिजलेली, बिघडलेली लेक, असं शाळेत ऐकलेल्या प्रत्येकानं तो खण एकदा उघडून पाहावा. या एका बाबतीत झारा संस्कृतपेक्षा जुनी आठवण सांगतो.

ऋग्वेदातही त्याचा माग आहे. दहा हजारांहून अधिक ऋचांत झ हे अक्षर एकदाच येतं, पाचव्या मंडलाच्या बावन्नाव्या सूक्तात, 'जज्झती' या शब्दात. हसणे या अर्थाच्या जक्ष् धातूचं ते बोलीतलं रूप मानलं जातं. तिथेही क्ष च्या जागी झ! बोलीतला उच्चार ऋषीच्या तोंडून निसटून संहितेत राहिला, असं मी धरते. पुढे संस्कृतनं हा झ उघडपणे उसना घेतला. निर्झर हा शब्द काव्यात इतका रुळला आहे की तो अस्सल संस्कृत वाटतो; पण तो मुळात प्राकृत आहे, संस्कृतची वस्त्रं नेसलेला.

बाराव्या शतकात गुजरातेत हेमचंद्रानं प्राकृताचं व्याकरण लिहिलं. त्यात क्षर् साठी सहा पर्याय दिले आहेत, त्यांत झर आहे आणि पज्झरही आहे. पज्झर म्हणजे आपला पाझर. दुष्काळी गावातला पाझर तलाव आणि चकलीचा झारा सख्खे चुलत भाऊ ठरले. स्मरण करणे या अर्थीही हेमचंद्र झर आणि झूर हे धातू नोंदवतो. त्यात मला आपलं झुरणं दिसतं: आठवणीनं माणसातला रस थेंब थेंब गळून जाणं. याला पुरावा म्हणून मी एवढंच देऊ शकते, की ज्यानं कोणी झुरताना पाहिलं आहे त्याला हा अर्थ पटेल.

प्रतिपक्षाचं पहिलं म्हणणं असं, की एवढ्या खटाटोपाची गरजच नाही. पाणी झरझर वाहतं, त्या आवाजावरून झरा, त्यावरून झारा. बंगालीत झाऱ्याला झाँझरी म्हणतात, संस्कृतात झर्झर नावाचं वाद्य आहे. सगळा नादाचा मामला. बंगाली शब्दापुरतं मी हे मान्यही करीन. पण पाझराला आवाज असतो का? भिंतीला ओल येते, कातळाला पाझर फुटतो, आईला पान्हा येतो, यातलं काहीही कानाला ऐकू येत नाही. झिजण्यालाही आवाज नाही. आणि झाऱ्यावरून निथळणारं तेल? कढईवर कान धरून बघावं. पुरी तडतडते, तेल गुपचूप पडतं. नाद हे मूळ असतं तर कुळातली निम्मी माणसं मुकी निघाली नसती.

दुसरा प्रतिस्पर्धी अधिक तगडा आहे, आणि तो थेट झारेकऱ्यावर हक्क सांगतो. हिंदीत झाडणे याला झाड़ना आणि झारना दोन्ही म्हणतात. नद्यांच्या वाळूतून सोनं धुणाऱ्या सोनझरा जमातीची नोंद रसेल आणि हिरालाल यांनी मध्य प्रांतातल्या जातीजमातींवरच्या १९१६ च्या ग्रंथात केली आहे. तिथे नावाची फोड सोनं आणि झारना अशीच दिली आहे. नुसतं 'झारा' म्हटलं तर काही जण ते ओढ्याच्या नावावरून लावतात, असंही सांगितलं आहे. पुष्कळ लोक पहिली फोड घेऊन थांबतात. झारेकरी रस्ता झाडतो, म्हणून झारेकरी.

मला हे पटत नाही. मराठीत झाडणाऱ्याचा ड कधी र होत नाही. आपण अंगण झाडतो, झारत नाही; झाडू असतो, झारू नसतो. झाडण्यावरून नाव पडतं तर झाडेकरी पडतं. हे लोक उत्तरेकडून आपला शब्द घेऊनच आले, असं कोणी म्हणेल. यावं त्यांनी, पण मग त्यांच्या कामाकडे पाहावं. झाडू तर रस्त्यावरच्या कोणाच्याही हातात असतो. झारेकऱ्याला झारेकरी करते ती पाटी. पाणी आणि हलकी माती काठावरून झरू द्यायची, जड ते तळाशी ठेवायचं, हे कसब. ओढ्यावरून फोड करणारे बरोबर दाराशी आले होते, फक्त त्यांनी ओढा पाहिला आणि झरणं पाहिलं नाही.

माझ्या मांडणीत एक छिद्र आहे, ते झाकून ठेवत नाही. क्षार. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातल्या अकराव्या अध्यायात क्षार या शब्दाच्या दोन व्युत्पत्ती दिल्या आहेत, त्यांतली एक क्षरण्यावरूनच आहे. आणि तिथली कृती तर माझ्या बाजूनंच बोलते: वनस्पतींची राख सहापट पाण्यात कालवायची आणि एकवीस वेळा गाळायची. झरवल्याशिवाय क्षार नाही. पण मग मराठीत त्याचा झार व्हायला हवा होता, झाला खार. खारी शंकरपाळी झाऱ्यानं काढताना हा खार मला दरवेळी टोचतो. काही अभ्यासक क्षार जळण्याच्या धातूवरून लावतात, पण त्या धातूलाही प्राकृतात झ च येतो, तेव्हा त्यांचीही सुटका होत नाही. माझा तर्क असा: क्षार हा वैद्यांचा आणि मीठ विकणाऱ्यांचा शब्द. तो बाजारातून फिरला, ज्या बोलींत ख चालत होता तिथून आपल्याकडे आला. हेमचंद्राच्या सहा पर्यायांत झर च्या आधी खिर आहेच. दोन्ही उच्चार शेजारी नांदत होते. झारा मात्र घरातला. त्याला कोणी गावोगाव नेला नाही, म्हणून तो घरच्या उच्चारात राहिला.

आत्याचा झारा आता माझ्याकडे आहे, पितळी, दांड्यापाशी किंचित वाकलेला. मागच्या दिवाळीत बुंदी पाडताना मधलीच दोन छिद्रं बेसनानं बुजली. वामनानं बळीराजाच्या झारीत दर्भ खुपसला, तशी मी नव्या खराट्याची एक हीर मोडून घेतली आणि खालून टोचली. वाळलेलं पीठ निघालं. झारा पुन्हा कढईवर धरला, तर थेंब पहिल्यासारखे पडू लागले, एकामागून एक, आवाज न करता.