बाकी आणि शिल्लक
महापालिकेचे अंदाजपत्रक आले की सोलापुरात पहिला प्रश्न करवाढीचा असतो आणि दुसरा, शिलकी की तुटीचे? उत्तर काहीही असो, ते आधी ‘अंदाज’ असते. हा शब्द फारसीतला. ‘अंदाख्तन’ म्हणजे फेकणे. तीर फेकणारा तो तिरंदाज, तोफगोळा फेकणारा तो गोलंदाज. हातात चेंडू असलेला गोलंदाज फार नंतरचा. नेम धरायचा तर अंतर जोखावे लागते, म्हणून मापण्याचा अर्थही त्याच धातूभोवती आहे.

राज्याच्या पातळीवर अंदाजपत्रकाचा अर्थसंकल्प होतो, पण नेम तिथेही चुकतो. 2005 च्या कायद्याने महाराष्ट्राने महसुली तूट संपवण्याचे बंधन घेतले आणि 2006-07 मध्ये महसुली शिल्लक दिसली. सरकारी भाषेत ‘आधिक्य’. 2018-19 साठी 15 हजार कोटींहून अधिक तूट धरली होती, हाती आली जवळपास 12 हजार कोटींची शिल्लक. 2025-26 ला पुन्हा 45,891 कोटींची महसुली तूट मांडली गेली.

मला मात्र ‘बाकी’ हा शब्द जास्त खुपतो. अरबीतून आलेला, अर्थ ‘उरलेले’. शाळेच्या वजाबाकीत तो तसाच राहिला. वसुलीच्या वहीत मात्र बाकी म्हणजे येणे, आणि तेही रखडले की थकबाकी. शिल्लक तिजोरीत असते, थकबाकी लोकांकडे. अंदाजपत्रकात या दोघींची गल्लत होते. घरपट्टी-पाणीपट्टीची जुनी थकबाकी यंदा येईलच असे धरले की जमेची बाजू फुगते आणि शेवटच्या ओळीत शिल्लक उमटते. ‘वसूल’ या अरबी शब्दाचा मूळ अर्थ येऊन पोचणे. रक्कम पोचली नाही, की सुधारित अंदाजपत्रकात कात्री लागते ती रस्त्याला, गटाराला, शाळेच्या छपराला. म्हणून ही गल्लत मला केवळ हिशेबाची वाटत नाही.

सोलापूरला हा मोह टाळणे अवघड आहे. जकात गेली, 2015 मध्ये बहुतेक व्यापाऱ्यांची एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था करही गेला. त्याच्या जागी सरकारचे अनुदान आले. पालिकेच्या स्वतःच्या हातात मुख्यतः पट्टीच उरली. उजनी धरणाचे पाणी ज्या घरात काही दिवसांआड येते, त्या घराकडून वर्षाची पाणीपट्टी मागच्या थकबाकीसह पुरी मिळेल, हा अंदाज कुठे उभे राहून टाकला, हे सभागृहात विचारले गेलेच पाहिजे. थकबाकीवरच्या दंडाला ‘शास्ती’ म्हणायचे आणि ती माफ करणाऱ्या योजनेला ‘अभय’. ही माफी वरचेवर मिळू लागली, की वेळेवर भरणाऱ्यालाही वाटते, थांबलो असतो तर बरे झाले असते.

अंदाजपत्रकाच्या पुस्तकात पुढच्या वर्षाच्या अंदाजासोबतच मागच्या वर्षाचा ‘प्रत्यक्ष’ रकाना असतो. घरपट्टीच्या ओळीवर आधी तो वाचावा, शिलकीचा आकडा त्यानंतर.