अशोकाने कोरलेला राग

मराठीत राग ‘येतो’, हेवा ‘वाटतो’, डोके ‘फिरते’. सगळे आपोआप घडते. त्यातून ‘त्यानेच माझे डोके फिरवले’ असे म्हटले, की आपण सुटलो. सव्वादोन हजार वर्षांपूर्वीच्या एका सम्राटाने मात्र ही पळवाट बंद करून पाहिली.

शाळेतला अशोक कलिंगच्या रणांगणावर पश्चात्ताप करतो आणि धडा संपतो. राज्याभिषेकाला ८ वर्षे झाल्यावर त्याने कलिंग जिंकले. तेराव्या शिलालेखात तो स्वतःच हिशेब देतो : १ लाख माणसे मारली गेली, दीड लाख पकडून नेली आणि त्याच्या कित्येक पट मेली. जिंकलेल्या राजाने हे खडकावर कोरावे, ही लहान गोष्ट नव्हे. पण गंमत अशी, की खुद्द कलिंगात, म्हणजे ओडिशातल्या धौली आणि जौगड इथे, हा तेरावा लेखच नाही. ज्यांच्या घरची माणसे गेली त्यांच्यापुढे हा आकडा ठेवणे त्याला जड गेले असावे, असे मला वाटते.

युद्धानंतर सुमारे १८ वर्षांनी त्याने स्तंभांवर लेख कोरवले. त्यांतला एक स्तंभ दिल्लीत फिरोजशाह कोटल्यावर उभा आहे. चौदाव्या शतकात फिरोजशाह तुघलकाने तो टोपऱ्याहून आणवला. त्यावरच्या तिसऱ्या लेखात अशोक म्हणतो, की माणसाला आपले चांगले काम तेवढे दिसते, वाईट दिसत नाही. आणि ते पाहणे अवघडच आहे. मग पाप कशातून उपजते ते तो सांगतो : चंडपणा, निष्ठुरता, क्रोध, मान, ईर्ष्या. आपण आज वापरतो तेच शब्द, थोड्या प्राकृत उच्चारात. समोरच्याने डिवचले होते का, याची चौकशी त्यात नाही. यांच्यापायी माझा नाश होऊ नये, एवढेच ज्याने त्याने पाहायचे.

हा विचार त्याच्या मनात आधीपासून घोळत होता. तेराव्याच्या जागी धौलीला जे वेगळे लेख आहेत, त्यांतला एक तोसलीच्या अधिकाऱ्यांसाठी आहे. लोकांना विनाकारण तुरुंगवास आणि छळ सोसावा लागतो, अशी राजाची तक्रार आहे. न्याय बिघडतो तो हेव्याने, चटकन येणाऱ्या रागाने, कठोरपणाने, घाईने, आळसाने आणि थकव्यानेसुद्धा. हे दोष माझ्यात नसावेत, असे प्रत्येक अधिकाऱ्याने मनाशी धरावे, असा हुकूम आहे. कचेरीत दिवसभर बसलेल्या माणसाचा थकवा यादीत घालणारा राजा मला फार जवळचा वाटतो.

हा लेख नुसता कोरून ठेवायचा नव्हता. दर तिष्य नक्षत्राला, म्हणजे आपल्या पुष्याला, तो वाचून ऐकवायचा होता. मधल्या दिवशीही, ऐकणारा एकटाच असला तरी.