कुऱ्हाड : अवजार आणि आयुध

मराठीत ‘हत्यार’ हा शब्द सुताराच्या अवजारासही लावतात आणि योद्ध्याच्या शस्त्रासही. या शब्दाची दोन्ही अंगे कुऱ्हाडीइतकी अन्यत्र क्वचितच एकत्र दिसतात.

१८६३ साली रॉबर्ट ब्रूस फूट यांना मद्रासजवळ पल्लावरम येथे दगडी हातकुऱ्हाड सापडली आणि भारतातील अश्मयुगाच्या संशोधनास आरंभ झाला. मद्रासच्या वायव्येस अत्तिरमपक्कम येथे मिळालेली अशी हत्यारे सुमारे १५ लाख वर्षांपूर्वीची आहेत. त्यांस दांडा नव्हता. ती मुठीत धरूनच मनुष्य कापीत व सोलीत असे. पुढे दांडा जोडला गेला, तेव्हा घावाचे बळ अनेक पटींनी वाढले. नवाश्मयुगात पाते घासून गुळगुळीत करण्यात आले, आणि अरण्य तोडून शेती करणे सुकर झाले.

त्यानंतर तांबे आले. १९९१ साली आल्प्स पर्वतातील बर्फात सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीच्या एका मनुष्याचे शव मिळाले. त्याच्याजवळच्या कुऱ्हाडीचे तांब्याचे पाते लाकडी दांड्यास चामड्याच्या पट्ट्यांनी घट्ट आवळलेले होते. महाराष्ट्रात प्रवरेकाठच्या जोर्वे गावीही तांब्याच्या चपट्या कुऱ्हाडी सापडल्या आहेत. लोखंडाने हे साधन सामान्य कुणब्याच्या हाती दिले.

आयुध म्हणूनही तिची कीर्ती थोडी नाही. १०६६ साली हेस्टिंग्जच्या रणांगणावर इंग्रज योद्धे लांब दांड्याच्या कुऱ्हाडी दोन्ही हातांनी चालवीत होते. कोकणची भूमी ज्याने समुद्राकडून मिळविली असे सांगतात, त्या भार्गवरामाचे नावच परशूवरून पडले. श्रीगणेशाच्या हातीही परशू असतो. पण तो विघ्नांच्या छेदनासाठी.

मॉरिशसचा इतिहासही कुऱ्हाडीनेच कोरला आहे. १६३८ साली डच लोकांनी येथे वसाहत केली आणि १७१० साली बेट सोडीपर्यंत मौल्यवान आबनूस तोडून परदेशी पाठविला. फ्रेंच व इंग्रज अमदानीत उसाच्या मळ्यांसाठी रान साफ झाले. १८३४ पासून आलेल्या शर्तबंद मजुरांच्या घामावर हे मळे वाढले. त्या मजुरांत मुंबई बंदरातून निघालेली मराठी माणसेही होती. त्या श्रमाने त्यांच्या वंशजांना ही भूमी मिळाली, हे खरे. परंतु बेटाचे मूळचे चांगले अरण्य आज २ टक्क्यांहूनही कमी उरले आहे, हेही तितकेच खरे.

‘कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ’ ही म्हण मराठी घरांत मुलांना सांगितली जाते. पाते लोखंडाचे असते, पण त्यास बळ देणारा दांडा झाडाचाच असतो. तो कोणाच्या हाती द्यावयाचा, याचा विचार प्रत्येक पिढीस नव्याने करावा लागतो.