खलबत्त्यातला इतिहास

लाँग वीकएंड होता, पासपोर्टवर अमेरिकेचा व्हिसा होता आणि पोर्तो रिकोला वेगळा व्हिसा लागत नाही. एवढ्या भांडवलावर मी सान हुआनला पोचलो. इतिहासाचा किडा असल्यामुळे पहिला दिवस अर्थातच किल्ल्याचा! एल मोरो. बांधकाम १५३९ मध्ये सुरू झालं, आणि १५९५ मध्ये इंग्रजांच्या ड्रेकला इथल्याच तोफांनी परत पाठवलं. सिंधुदुर्ग पाहिलेल्या माणसाला अगदी घरच्यासारखं वाटतं. तोफांचेच साठेक फोटो काढले.

दुसऱ्या दिवशी 'फूड वॉक'. तीन तास जुन्या शहरातल्या निळसर फरशीच्या गल्ल्यांतून चालायचं नि थांबत थांबत खायचं. गाईड पन्नाशीच्या एक बाई. पहिला थांबा बकालाइतोचा, म्हणजे खाऱ्या माशाची मोठ्ठी कुरकुरीत भजी. मासा कॉड. म्हटलं, हा तर थंड पाण्यातला मासा, इथे कुठून आला? बाई म्हणाल्या, "गुलामांसाठी." कॅरिबियनमधल्या उसाच्या मळ्यांवर माणसं राबवायची तर त्यांना स्वस्त आणि टिकाऊ काहीतरी खायला घालायला हवं. म्हणून उत्तर अटलांटिकमधून खारवलेला मासा जहाजं भरभरून यायचा. भजी एकदम घशातच अडकली हो!

मग आला मोफोंगो. कच्ची केळी तळायची, आणि लसूण नि डुकराच्या चामडीचे कुरकुरीत तुकडे घालून लाकडी खलबत्त्यात कुटायची. या खलबत्त्याला तिथे 'पिलोन' म्हणतात. आता गंमत बघा. केळं मूळचं आपल्या आशियाच्या बाजूचं. लसूण नि डुक्कर स्पॅनिश लोकांनी आणलं. आणि कुटून गोळा करायची रीत पश्चिम आफ्रिकेतली, गुलामांच्या हातांबरोबर आलेली. (उलट दिशेने पोर्तुगीजांच्या जहाजांतून मिरची आपल्याकडे आली, म्हणून तर आपला ठेचा झाला!) म्हणजे आज बेटाची ओळख असलेल्या पदार्थातलं जवळजवळ सगळंच बाहेरून आलेलं. कुणी हौसेनं आलं, कुणी साखळदंडात.

पोर्तो रिकोत गुलामी कायद्याने संपली ती २२ मार्च १८७३ ला. पण सुटका झालेल्यांना पुढे आणखी तीन वर्षं करारावर राबणं सक्तीचं होतं. आणि नुकसानभरपाई कुणाला? मालकांना!

बरं, इतकी सुपीक जमीन, पण ती शतकानुशतकं राबली मुख्यतः साखर-कॉफी बाहेर विकायला. आजही बेट अन्नाचा मोठा भाग बोटीने आणतं. २०१७ च्या मारिया वादळात केळीच्या बागा आडव्या झाल्या, बंदर थांबलं, तेव्हा याचा अर्थ प्रत्येक स्वयंपाकघराला कळला असणार.

रात्री हॉटेलवर आदल्या दिवशीचे साठ फोटो चाळले. तोफा, बुरूज, झेंडे... पण त्या भिंतींचे दगड कुणी वाहिले, हा प्रश्न दिवसभरात एकदाही डोक्यात आला नव्हता. तिथेही गुलामांचे हात होतेच. आणि खरं सांगायचं तर सिंधुदुर्गावर तरी मी पाथरवटांची चौकशी कधी केली होती?

असो. पुढच्या वेळी किल्ल्यावर जाईन तेव्हा आधी विचारीन, बांधणारे जेवत काय होते?