चार्जरपासून खतावणीपर्यंत

विजेवर चालणाऱ्या गाडीच्या चार्जिंगची नोंद कंपनीच्या जमाखर्चात आपोआप उतरावी, या सोयीचा पाया मुख्यतः नेदरलँड्समध्ये घातला गेला. तेथील वीजजाळे सांभाळणाऱ्या कंपन्यांनी २००९ मध्ये ई-लाड ही संस्था काढली आणि सार्वजनिक जागी चार्जर बसवायला घेतले. चार्जर अनेक कारखानदारांकडून घ्यायचे होते. प्रत्येकाचे सॉफ्टवेअर निराळे राहिले असते, तर साऱ्या व्यवहाराची नाडी त्यांच्याच हाती गेली असती. म्हणून चार्जर आणि मध्यवर्ती यंत्रणा यांच्यातील संदेशांसाठी एक खुली नियमावली आखली गेली. तिचे नाव ओपन चार्ज पॉइंट प्रोटोकॉल, रोजच्या बोलण्यात ओसीपीपी.

तिच्यातली मूळ नोंद साधी आहे. कार्ड टेकवल्यावर मीटरचा आकडा, चार्जिंग संपल्यावर पुन्हा आकडा, सोबत वेळ आणि कार्डाचा क्रमांक. वजाबाकी केली की वापर निघतो. पैसे किती, हे मात्र चार्जरला ठाऊक नसे. दर लावणे आणि बिल काढणे मध्यवर्ती यंत्रणेकडे होते. हे शहाणपणाचेच झाले, कारण दर वरचेवर बदलतात आणि चार्जर मात्र वर्षानुवर्षे रस्त्यावर उभा असतो.

खरी अडचण संपर्क तुटला की येई. २०१५ च्या १.६ या आवृत्तीत व्यवहाराचा क्रमांक मध्यवर्ती यंत्रणा देते. नेटवर्क नसताना चार्जिंग सुरू झाले, तर त्या व्यवहाराला क्रमांकच नसतो. चार्जर नोंदी साठवतो, मागाहून पाठवतो, पोच आली नाही तर पुन्हा पाठवतो. त्यामुळे एकच नोंद दोनदा येऊ शकते. विजेच्या आलेखात हे खपून जाते, हिशेबनिसाकडे खपत नाही. २०१८ ची २.० आणि तिच्यातील दोष काढून २०२० मध्ये आलेली २.०.१, या आवृत्त्यांत क्रमांक देण्याचे काम चार्जरकडे आले आणि व्यवहाराच्या प्रत्येक संदेशाला अनुक्रमही लागला.

दुसरा प्रश्न परक्या चार्जरचा. कंपनीने दिलेली गाडी कर्मचारी कोणत्याही गावी, कोणाच्याही चार्जरवर लावणार. कंपनीला बिल मात्र एकत्र हवे. बर्लिनमध्ये २०१२ साली मोटार व वीज उद्योगातील बड्या कंपन्यांनी हबजेक्ट स्थापन करून मध्यस्थ केंद्राचा मार्ग धरला. डच मंडळींनी काही वर्षांतच ओसीपीआय ही दुसरी खुली नियमावली आणली. तिच्यात चार्जर चालवणारा कार्ड देणाऱ्याला प्रत्येक चार्जिंगची तपशीलवार नोंद पाठवतो. दूरध्वनी कंपन्यांच्या कॉल नोंदींसारखीच ती असते. पाठवलेली नोंद बदलता येत नाही. चूक निघाली, तर २.२ या आवृत्तीपासून जमेची उलट नोंद पाठवता येते. जमाखर्च लिहिणाऱ्याला ही शिस्त नवी नाही. आश्चर्य इतकेच, की ती इतक्या उशिरा आली.

भारताने २०१७ मध्ये 'भारत चार्जर'चे तपशील ठरवताना ओसीपीपी १.५ किंवा तिच्याशी जुळणाऱ्या पुढच्या आवृत्तीचीच अट घातली. २०२४ मध्ये आंतरराष्ट्रीय विद्युततंत्र आयोगाने २.०.१ आवृत्तीला ६३५८४ या क्रमांकाचे मानक म्हणून स्वीकारले. या मानकाची हद्द मात्र मध्यवर्ती यंत्रणेपाशी संपते. तेथून पगारपत्रक, वाहनताफा किंवा लेखा सॉफ्टवेअरपर्यंतची जोडणी ज्याची त्याला करून घ्यावी लागते.